कोरडी केबिन

बोटीत पाणी खालून शिरतं, अशी पुष्कळांची समजूत असते. खालच्या पाण्याची सगळ्यांना भीती असते, म्हणून त्याचा बंदोबस्तही होतो. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकतात, वर राळ आणि तेल शिजवून भरतात, आणि मग बोट चालवणारा तांडेल तिच्या पोटाला प्रदक्षिणा घालून मान डोलावतो. वरून येणाऱ्या पाण्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. डेकवर दोर बांधायचा एक लोखंडी खुंटा बसवायचा म्हटलं तरी बोल्टसाठी चार भोकं पाडावी लागतात. जाळं ओढायच्या विंचला त्याहून जास्त. काच बसवायची तर भोक नव्हे, चांगलं भगदाडच. बोट बांधणारे ही भोकं बिनदिक्कत पाडतात, त्यांत बोल्ट ठोकतात, वर रंगाचा एक हात मारतात आणि निघून जातात. खाली झोपणाऱ्याने मग उशी सरकवत बसायचं. मला या गोष्टीचा राग यायचा. अजूनही येतो.

हा राग मी मुंबईहून आणला होता. तिथे बसचे सांगाडे बांधणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं होतो. काचा बसवणं आणि छताचे सांधे बुजवणं हे माझं काम. पावसाळ्यात बसमध्ये छत्री उघडून बसलेला माणूस दिसला की ती बस आमच्या कारखान्यातली नसली तरी मला चोरट्यासारखं व्हायचं. ऐंशी सालानंतर कारखाना रडतखडत चालला आणि एके दिवशी फाटकाला कुलूप लागलं. मी ट्रंक घेऊन रत्नागिरीला परत आलो. इथे बसचे सांगाडे कोणी बांधत नव्हतं. मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर मात्र रांगेने उभे होते आणि त्यांतला प्रत्येक वरून गळत होता.

त्यांतलाच एक माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा. भावोजी लहानपणापासून समुद्रावर. आधी दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी, मग तांडेल, आणि अखेर स्वतःच्या बोटीचे मालक आणि तांडेल दोन्ही. अंगाने उंच, आवाज धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. पण गेल्या दोनतीन वर्षांत त्यांची छाती बिघडली होती. चढण चढताना थांबत आणि थांबलो नाही असं दाखवायला कुणाशी तरी बोलायला लागत. शेवटी ताईने त्यांना ओढून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दम्याची छाती आहे, ओलीत झोपायचं नाही. कोरडी जागा मिळत नसेल तर समुद्र सोडा.

या सांगण्याचे दोन तुकडे होते. भावोजींनी पहिला उचलला आणि ताईने दुसरा. मला बोलावणं आलं ते भावोजींचं.

"तू मुंबईत बशी कोरड्या करत व्हतास ना?" ते म्हणाले. "मंग माझी केबिन कोरडी करून दे. नारळी पुनवेनंतर बोट जायची. डॉक्टरचं पण ऐकलं आणि धंदा पण बुडाला नाय."

ताईने चहा आणून ठेवला. बशी मात्र माझ्यापुढे जरा जोरात आपटली. ताई लहानपणापासून तशीच. रागावली की भांड्यांतून बोलायची, तोंडाने नाही. आमच्या घरात ते सगळ्यांना कळायचं आणि कुणी त्यावर काही म्हणायचं नाही.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. भावोजींची बोट भाट्याच्या खाडीच्या अंगाला वाळूवर चढवलेली होती, वरून माडाच्या झापांचं छप्पर घातलेलं. आत काम करायला उजेड बेताचा, पण लाकूड कोरडं होतं आणि मला त्याचंच महत्त्व होतं. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, डेकच्या खाली झोपायची एक बुटकी खोली होती. तिला सगळे केबिन म्हणत. दोन फळ्या, एक गोल काच, भिंतीला दिव्याची काजळी. ताठ उभं राहायची सोय नव्हती. उशीच्या बाजूला लाकूड काळं पडून मऊ झालं होतं.

गळती कुठली, हे शोधणं हे निम्मं काम. पाणी जिथे टपकतं तिथून ते शिरलेलं नसतंच बहुधा. ते एका भोकातून उतरतं, खालच्या तुळईला चिकटून चालत जातं आणि भलत्याच ठिकाणी जाऊन खाली पडतं. खलाशी जिथे टपकतं तिथे वर्षानुवर्षं डांबर थापत आले होते, आणि डांबर उन्हात वितळून त्यांच्याच तळव्यांना लागत होतं. मी कपड्यांची नीळ आणली, बादलीत कालवली आणि डेकवर एकेका ठिकाणी ओतून खाली जाऊन बघत बसलो. उशीवरचं पाणी नाळेच्या खुंट्याखालून येत होतं. उशीपासून चांगलं लांब. काचेच्या कडेने थोडं, आणि बोटीच्या बाहेरच्या कडेला ठोकलेल्या सागवानी पट्टीचे स्क्रू सैल झाले होते तिथून थोडं. पण खरा चोर खुंटा होता. बोट धक्क्याला बांधली की सगळा हिसका त्याच्यावर येतो, बोल्ट हलतात, भोकं मोठी होत जातात. दुपारपर्यंत केबिन निळी झाली आणि भावोजींनी विचारलं की हा आता रंगाचा धंदा पण काढलास काय.

आता कशाने बुजवायचं हा प्रश्न. इथे प्रत्येकाचं एक मत असतं आणि ते त्याने आधीच कुठेतरी थापलेलं असतं.

बोटीच्या सुताराचा भर लुकणावर. खडूची पूड आणि बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, मळून केलेला गोळा. घराच्या खिडक्यांना लुकण उत्तम, कारण घर जागचं हलत नाही. बोटीत खाली इंजिन धडधडत असतं. लुकण वाळून दगड होतं आणि दगडाला तडे जातात. दुसरा मार्ग शेंदूर आणि ताग. लोखंडावर लोखंड बसवायचं असेल तर त्याला तोड नाही, नळवाले तोच वापरतात. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, वैशाखात आकसतं, आणि त्याच्याबरोबर फुगायचं-आकसायचं शेंदराच्या अंगात नाही. सिलिकॉनच्या नळ्या तेव्हा मुंबईत मिळायला लागल्या होत्या. काच आणि लोखंड सिलिकॉन धरतं, व्हिनेगरसारखा वास सुटतो, तासाभरात काम झाल्यासारखं दिसतं. त्यामुळेच लोक फसतात. ते लाकडाला मनापासून चिकटत नाही, त्याच्यावर रंग बसत नाही, आणि एकदा एखाद्या जागी लागलं की पुढे दुसरं काही तिथे धरत नाही. सिलिकॉन मी काचेपुरतं ठेवलं.

खुंट्यासाठी आणि पट्टीसाठी मी दोन डब्यांचा माल घेतला. एका डब्यात पांढरट लापशी, दुसऱ्यात काळं. दोन्ही कालवली की हळूहळू घट्ट होत जाऊन टायरच्या रबरासारखं होतं, पण रबरासारखंच ताणतंही. बसच्या छताला आम्ही हेच वापरायचो. वाळायला वेळ लागतो, हातांचा रंग आठवडाभर जात नाही, पण बसलं की बोट हलो, लाकूड फुगो, ते आपलं त्यांच्याबरोबर हलतं. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराने मुंबईहून मागवून दिलं.

हे सगळं मी ताईकडे जेवताना सांगत असे. ऐकायला कुणी मागितलेलं नसलं तरी मी सांगायचो, ही माझी जुनी खोड. बसवायचं कसं तेही सांगितलं. भोकाचं तोंड वरून जरा फनेलासारखं मोठं करायचं, म्हणजे माल बोल्टभोवती कडं धरून बसतो. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. एकदम आवळले की सगळा माल बाहेर येतो, आपण तो पुसून टाकतो आणि आत काहीच राहत नाही. आधी निम्मे आवळायचे, माल घट्ट होऊ द्यायचा, मग पुरते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लाकूड स्वच्छ हवं. ओल चालत नाही, धूळ चालत नाही, आणि तेल तर अजिबात नाही. तेल म्हणजे या मालाचा वैरी.

"थोडं लागलं तरी?" ताईने आमटी वाढता वाढता विचारलं.

"तेलाचं बोट फिरवलंस तरी," मी म्हणालो. "वरून चिकटल्यासारखं दिसेल, पण आतून धरायचं नाय."

मला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी प्रश्न विचारला होता.

नारळी पौर्णिमा जवळ आली तसं मी काम उरकत आणलं. काच बसवली, तिची कडा सिलिकॉनने भरली. खुंटा उखडला, खालचं डांबर पटाशीने खरवडलं, भोकांची तोंडं मोठी केली, थिनरने लाकूड पुसलं. सागवानी पट्टी काढून तिचीही तीच गत केली. मग एक दिवस लाकूड तसंच उघडं ठेवलं, कारण लाकडाच्या आतली ओल बाहेर यायला वेळ द्यावा लागतो. बसच्या पत्र्याला हे लागत नाही. लाकडाला लागतं.

त्याच दिवशी ताई बोटीला तेल लावायला आली. पाण्यात जायच्या आधी घरच्या बाईने बोटीला उंडीचं तेल लावायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. मूल न्हायला घालण्याआधी जसं तेल लावतात तसं, हाताने. कुंचला चालत नाही. नाळेला लावायचं, सुकाणूच्या चक्राला लावायचं, मग हळदकुंकू. त्या वेळी पुरुष बोटीवर थांबत नाहीत. मीही खाली उतरलो आणि माडाच्या बुंध्याशी विडी ओढत बसलो. ताईला वेळ लागला. एवढ्या मोठ्या बोटीला वेळ लागणारच, असं मला वाटलं. ती उतरली तेव्हा तेलाची किटली रिकामी होती आणि हात कोपरापर्यंत माखलेले होते. सगळ्या बोटीला उंडीचा कडवट वास सुटला होता.

दुसऱ्या दिवशी मी माल कालवला. लाकूड पुन्हा एकदा वरवर थिनरने पुसलं, भोकांत माल भरला, खुंटा बसवला, बोल्ट निम्मे आवळले, आणि घट्ट झाल्यावर पुरते आवळले. पट्टी बसवली. कडेने जो माल बाहेर आला तो बोटाने निपटून इतका सरळ केला की सुतारसुद्धा वाकून बघून गेला आणि काही बोलला नाही. त्याच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ. पौर्णिमेला नारळ सोडला. दोनचार दिवसांनी दर्या जरा निवला तशी बोट बर्फ भरून बाहेर पडली. ताई धक्क्यावर आली नव्हती.

बोट परत आली ती मासळी घेऊन आणि केबिनीत पाणी घेऊन. श्रावणातला समुद्र, नाळेवरून पाणी सारखं येत होतं. खलाशांनी मला गोधडी पिळून दाखवली. भावोजी धक्क्यावर चढले ते खोकत. बोलायला जायचे आणि खोकला मध्ये यायचा.

"तुझी बस गळते रे," ते एवढंच म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी मी समुद्राला दोष दिला, मग बोटीला, आणि ते दोघेही काही बोलेनात तेव्हा दुकानदाराला. जुना माल माझ्या गळ्यात मारला असणार, अशी माझी खात्रीच झाली. उरलेले डबे घेऊन मी बाजारात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला वाटेल ते बोललो. तो शांत माणूस. त्याने पुठ्ठ्यावर दोन्ही डब्यांतला माल कालवला, काउंटरच्या काचेच्या कोपऱ्यावर एक ठिपका लावला, एक लाकडाच्या ढलपीवर लावला आणि मला उद्या यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी नखाने ओढलं, चाकूने ओढलं. काचेवरचा ठिपका आजही तिथे असेल. ढलपीवरचा निघाला, पण लाकडाचे तंतू घेऊन निघाला.

मग माल चांगला होता. कारागीर चांगला होता याबद्दल मला शंका नव्हती. उरलं लाकूड.

बोट धक्क्याला होती. मी वर चढलो आणि खुंट्याचे बोल्ट सोडले. खुंटा उचलला तसा खालचा काळा माल त्याच्याबरोबर सगळा सुटून आला. लोखंडाला गच्च चिकटलेला आणि लाकडाच्या बाजूने गुळगुळीत, शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. मी भोकात बोट घातलं. बोट तेलकट झालं. वास उंडीचा.

नाळेला लावलेलं तेल ओघळून एवढं आत येत नाही. मी पट्टीचा एक स्क्रू काढला. तिथेही तेच. पट्टी तर नाळेपासून कितीतरी मागे. तेल उडालं नव्हतं, सांडलंही नव्हतं. कुणीतरी प्रत्येक भोक शोधून त्यात ओतलं होतं, मुरू दिलं होतं आणि वरचं पुसून घेतलं होतं. बोटीवर त्या दिवशी एकच माणूस होतं.

मी तसाच ताईच्या घरी गेलो. ती मागल्या दारी बांगडे साफ करत बसली होती. मी तेलाचं बोट तिच्यापुढे धरलं. तिने बघितलं आणि पुन्हा कोयतीकडे बघायला लागली.

"तूच सांगितलं व्हतंस," ती म्हणाली. "तेल लागलं की धरत नाय."

"म्हणून ओतलंस?"

"मंग काय करू? डॉक्टरनं सांगितलं, ओली केबिन असली तर जायचं नाय. मी म्हटलं, जाऊ नका. त्यांनी माजं ऐकलं नाय. म्हटलं, बोटीचं तरी ऐकतील."

मी तिच्यावर ओरडलो. माझं काम बिघडवलं, माझं नाव गेलं, दुकानदारापुढे तोंड काळं झालं, हे सगळं मी सांगितलं, आणि त्यातलं शेवटचं सांगत असताना लक्षात आलं की ताई रडते आहे. आवाज न करता, हात न थांबवता. मी तिला रडताना आई गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर नाही. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. मी तिथेच पायरीवर बसलो.

"पाणी आलं तरी ते गेलेच की," ती म्हणाली. "ओल्यात झोपले आणि खोकत आले. मी घरी ठेवायला गेलो आणि मीच त्यांची छाती भिजवली."

आमच्याकडे बायका स्वतःबद्दल अशा बोलतात, पुरुषांसारख्याच. मुंबईच्या माणसांना याचं हसू येतं.

मी म्हणालो, झालं ते झालं, आता तेल काढायला हवं. कोयती धुऊन तिने फळीवर ठेवली.

"मी येतो," ती म्हणाली. "मी घातलंय, मीच काढीन. जायचेच असतील तर कोरडे तरी जाऊ देत."

बायका मासळी घ्यायला धक्क्यावर येतात, लिलावाला बसतात, भांडतात. पण धक्क्याला लागलेल्या बोटीवर चढून कुणी डेक घासत नाही. ताई चढली. लुगड्याचा पदर खोचून ती नाळेपाशी गुडघ्यांवर बसली. आजूबाजूच्या बोटींवरचे खलाशी जाळी विणता विणता थांबून बघायला लागले. मी तेल काढायची रीत सांगितली. आधी धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून घासायचं, तेलाचा फेस होऊन वर येतो. तो पुसून गोड्या पाण्याने धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं, मग चिंध्या थिनरमध्ये बुडवून भोकाच्या आत फिरवायच्या. चिंधी पिवळी निघते आहे तोवर थांबायचं नाही. ताईने सांगितलं तसं केलं. लाकूड तेल सहज पितं, परत द्यायला मात्र का-कू करतं. चिंधी पुन्हा पुन्हा पिवळी निघत होती. तिची बोटं थिनरने पांढरी पडली, सालं निघाली. मी म्हटलं, दे, मी करतो. तिने दिली नाही.

ऊन चांगलं पडलं होतं. अशा आमच्या दोन दुपारी गेल्या. दुसऱ्या दिवशी चिंधी पांढरी निघाली. मी भोकं पटाशीने आतून खरवडून नवं लाकूड उघडं केलं, बोट फिरवून बघितलं आणि डबे उघडून पुठ्ठ्यावर माल कालवला.

तेवढ्यात भावोजी आले. धक्क्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं असणार की तुमची बायको डेक घासत बसली आहे. बोटीवर पाय ठेवायच्या आधी ते थांबले, श्वास घेतला, मग चढले. थिनरच्या वासाने त्यांना खोकला आला.

"हे काय चाललंय गो?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी रचून सांगणार होतो. माल जुना निघाला, असं तोंडावर आलं होतं. पण ताईच बोलली, त्यांच्याकडे न बघता, चिंधीकडे बघत.

"भोकात तेल मी घातलं व्हतं. तुमी जाऊ नये म्हणून. आता काढलं. आता गळायची नाय."

भावोजी भडकतील असं मला वाटलं. धक्का ऐकत होता, आणि त्यांचा आवाज धक्क्याच्या ओळखीचा. पण ते खाली बसले, विंचच्या पायाला टेकून, आणि चक्क हसले. तिला बरं वाटावं म्हणूनच ते बोलले, याबद्दल मला आजही शंका नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तसाच भाव होता, पोराला समजावताना असतो तसा.

"वेडी काय तू? त्या पाण्यानं मला काय केलं नाय," ते म्हणाले. "केबिनीत मी झोपतो कुटं? तिथं खलाशी झोपतात. मी हितंच असतो. ह्या विंचला टेकून."

"हितं?" ताईने विचारलं. "उघड्यावर?"

"उघड्यावर बरं वाटतं. खाली आडवा झालो की श्वास येत नाय. पाण्यात धरून ठेवल्यासारखं व्हतं. बसून डोळा लागतो थोडा. लागतो, नाय असं नाय. गेले दोन हंगाम असंच चाललंय, मी मेलो काय?"

ताईच्या हातात चिंधी होती ती तशीच राहिली.

"आणि घरी?" ती म्हणाली. "घरी पडवीत बसता ते?"

भावोजींनी समुद्राकडे बघितलं.

"आत उकडतं म्हणून, असं सांगत व्हतात," ताई म्हणाली. "पौषात पण उकडत व्हतं?"

मी हातातल्या पुठ्ठ्याकडे बघत होतो. माल कालवलेला होता आणि हळूहळू घट्ट व्हायला लागला होता. मला फार वाईट वाटलं, आणि कुणाबद्दल जास्त ते ठरवता येईना. एकाने केबिन कोरडी करायला सगळं ज्ञान पणाला लावलं होतं, एकीने ती ओली ठेवायला किटलीभर तेल. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो माणूस तिथे झोपतच नव्हता. झोप लागते का, एवढं त्याला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरनेसुद्धा फक्त ओलच विचारली होती.

ताई उठली. पदर सोडला, हात लुगड्याला पुसले. या वेळी भांडं नव्हतं, बशी नव्हती, तेल नव्हतं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खाली उतरा."

"अगो, बर्फ यायचाय," भावोजी म्हणाले.

"येऊ दे. दुसरा तांडेल घेऊन जाईल बोट. तुमी उतरा. मला भीती वाटते."

ते उठायला लागले. विंचला धरून उठताना त्यांना दम लागला आणि तो त्यांनी लपवला नाही. ताई आधी धक्क्यावर उतरली आणि वळून तिने हात पुढे केला. तांडेलाने बोटीतून उतरताना कुणाचा हात धरलेला मिरकरवाड्यात कुणी पाहिलेला नव्हता, बायकोचा तर नाहीच. भावोजींनी एकदा रांगेतल्या बोटींकडे बघितलं. सगळे बघत होते. मग त्यांनी तिचा हात धरला आणि उतरले.